कपाशीचा पोळा

आमच्या घरच्यांना, म्हणजे भगवंतरावांना, बैलातलं सगळं कळतं. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायला बसले तर बऱ्याच वेगळ्या गोष्टी निघतील. पण अंजनगावपासून परतवाड्यापर्यंत कुणालाही जोडी घ्यायची असली, की तो आधी आमच्या ओट्यावर येऊन चहा पिणार आणि मग यांना मोटारसायकलवर मागे बसवून बाजाराला नेणार, हे ठरलेलं होतं. हे बैलाचा खालचा ओठ ओढून दात बघत, खांद्यावरून हात फिरवत, त्याला जरा चालवून आणत आणि म्हणत, "घे", नाहीतर "सोड". त्यावर चर्चा नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केली, पण माझा शब्द माझ्याच वर्गात कुणी इतका मानला नाही.

मग गावात ट्रॅक्टर आले, यांचे गुडघे गेले आणि शेवटची जोडी अकोटकडच्या एका माणसाकडे गेली. गोठा रिकामा झाला. तरी हे रोज सकाळी तो झाडून काढत आणि गव्हाणीवर हात टेकून थोडा वेळ उभे राहत. पोळ्याच्या दिवशी मात्र यांना गाव नको होई. गावाबाहेर आखरावर, मोकळ्या जागेत, तोरण बांधलं जातं, सगळे आपापल्या जोड्या सजवून त्याखाली उभे राहतात. तिथे रिकाम्या हातानं जाऊन उभं राहायचं कसं? नेमकी त्या दिवशी यांना रिद्धपूरच्या दर्शनाची ओढ लागायची. एरवी वर्षभर रिद्धपूरचं नावही निघत नसे.

रागिणी आमची एकुलती एक. अकोल्याला शिकायला होती, तिथे घोड्यांच्या नादी लागली. नाद म्हणजे असा, की शिक्षण संपल्यावर तिनं अमरावतीच्या बाहेर, वलगाव रस्त्याला, भाड्याच्या जागेवर टिनाचा तबेला उभारला आणि शहरातल्या मुलांना घोडेस्वारी शिकवू लागली. यांना ते अजिबात पटलं नाही.

"घोडं काय वखराले जुपतं का?" हे म्हणाले. "नवरदेवाले मिरवायसाठी असते ते. लोकायची पोरं घोड्यावर बसवायची, हा काय धंदा हाय?"

"बाबा, तुमी एकदा येऊन त पाहा," ती म्हणाली.

हे गेले नाहीत. तिनंही पुन्हा बोलावलं नाही. दोघंही सारख्याच मातीचे. तेव्हापासून दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाले. "बाबाले सांग, गुडघ्याची गोळी घ्या म्हणा." "तिले सांग, घेतली म्हणा." मी टेलिफोनच्या खांबासारखी मध्ये उभी. बाप-लेकीनं एकमेकांशी चार शब्द बोलावेत, एवढी एकच इच्छा मला त्या दिवसांत होती. देवाला दुसरं काही मागितलंच नाही.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये वाऱ्यापावसानं रागिणीच्या तबेल्याचे टिन उडाले. तिच्याकडे दोन जनावरं. एक तरणाबांड, तापट घोडा; तो चिखलदऱ्याला पर्यटकांना फिरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे गेला. दुसरी कपाशी. पांढरी, बोंडातून आताच निघालेल्या कापसाच्या रंगाची म्हणून कपाशी. नवख्या मुलांना तीच चाले. रडणारं मूल पाठीवर बसलं तरी ती पाय न हलवता उभी राहायची. रागिणीचा क्लास म्हणजे खरं तर कपाशीच होती, बाकी नुसतं पाटीवर नाव.

त्या संध्याकाळी यांचा फोन वाजला. माझा नाही, यांचा. यांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि घसा साफ करून उचलला.

"बाबा, कपाशीले काही दिवस आपल्या गोठ्यात ठेवू का?"

"गोठा रिकामाच हाय," हे म्हणाले. मग थोडं थांबून, "आण. पण सांभाळून आण. रस्त्यात लय गड्डे हायेत."

मी चुलीपाशी जाऊन डोळे पुसले. गॅस होता समोर, तरी सवयीनं चूलच म्हणते मी.

कपाशी टेम्पोतून उतरली आणि अर्धं गाव आमच्या अंगणात जमलं. लग्नातली घोडी सगळ्यांनी पाहिलेली, पण ती झालरीत आणि बँडच्या आवाजात. अशी निवांत, नुसती घोडी कुणी जवळून बघितली नव्हती. प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. शेजारचा सहदेव सगळ्यात पुढे.

"रागिणे, हे उभ्यानंच झोपते म्हणतात, खरं हाय का?"

"डुलकी उभ्यानं घेते काका. तिचे पाय कुलूप लावल्यासारखे ताठ राहतात. पण खरी झोप लागाले आडवंच व्हा लागते. म्हणून तिले जागा मोकळी पाहिजे."

"अन् नाल ठोकतात तवा दुखत नाई?"

"तुमी नखं कापता तवा दुखते का? बाहेरच्या भागाले जीव नाई. खिळा आत गेला तर मात्र दुखते."

"लगाम दाताखाली चावून नाई टाकत?"

रागिणीनं कपाशीचा ओठ बाजूला करून दाखवला. पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये नुसती हिरडी होती, लगाम तिथे बसतो. हे मागून वाकून बघत होते. "अन् वर बी दात हायेत पाय," हे सहदेवला म्हणाले. "बैलाले समोर वरचे दात नसतात. बाकी वय पाहाची रीत तीच हाय." त्या वाक्यापासून उत्तरं द्यायचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. पुढच्या चार-सहा दिवसांत कुणी काहीही विचारलं तरी हे रागिणीच्या आधी बोलत. त्यातलं निम्मं रागिणीकडून ऐकलेलं असे आणि निम्मं बैलाचं. कुठलं कुठे जोडलंय हे ऐकणाऱ्याला कळत नसे, आणि मला वाटतं, यांनाही.

पण राबले मात्र. गोठ्यातली ओल काढली, मुरूम टाकला, वर गव्हांड्याचा, म्हणजे गव्हाच्या काडाचा, जाड थर अंथरला. रागिणीनं दावं सोडून ठेवायला सांगितलं तेव्हा यांच्या कपाळाला आठी पडली. जनावर आणि खुंट्याशिवाय? तरी सोडलं. दारावर आडवे बांबू लावले. रोज सकाळी रागिणी खूर उचलून आतला चिखल काढायची, हे शेजारी बसून बघायचे आणि तिसऱ्या दिवसापासून स्वतः उचलायला लागले. दोघंही खाली माना घालून त्या खुरावर वाकलेली, आणि मी उगाचच तिथून तीनदा ये-जा करायची.

एका संध्याकाळी रागिणी म्हणाली, "बाबा, बसता का?"

"मी? या वयात?"

"तुमच्यापेक्षा आजारी लोक बसतात."

हे ओट्यावर चढले आणि तिथून खोगिरावर. पायजमा पोटरीपर्यंत वर गेलेला, टोपी घट्ट दाबलेली. लगाम हातात येताच यांनी तो कासऱ्यासारखा खेचला. कपाशी मागे-मागे सरकायला लागली.

"ओढू नका बाबा. ते तोंड हाय तिचं, वेसण नाई. बोटात धरा नुसता."

"मंग थांबन कशी?"

"पाठ ताठ करून बसा. तिले समजते."

यांनी पाठ ताठ केली. कपाशी थांबली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "हिले त तुह्यापेक्षा लवकर समजते, मास्तरीणबाई." मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. रागिणीनं कपाशीला हाताशी धरून अंगणात फेऱ्या मारल्या. हे वर बसून लहान मुलासारखे हसत होते. कितीतरी वर्षांत असं हसलेलं मी बघितलं नव्हतं.

उतरल्यावर यांनी विचारलं, "पोरायले असंच शिकवतं तू?"

"हो."

"बरं शिकवतं."

रागिणी खोगिराचा पट्टा सोडायला म्हणून पलीकडच्या बाजूला गेली. एक पट्टा सोडायला इतका वेळ लागत नाही.

तबेल्याचं काम सुरू झालं आणि तिला अमरावतीला जावं लागलं. जाण्याआधी तिनं बापाला गोठ्यातच उभं करून सांगितलं.

"बाबा, बाकी काही विसरले तरी चालन, पण हे ध्यानात ठेवा. हिचं पोट बैलाचं नाई. बैल एकदम पोटभर खाते अन् मंग बसून रवंथ करते. हिले रवंथ नाई. जठर लहान हाय. हिले गवत अन् कडबा दिवसभर थोडा थोडा. दाण्याची चंदी मोजून. सरकीची ढेप अजिबात नाई. नवं काही द्यायचं असन त हळूहळू सवय लावा लागते. जास्त झालं त हिले ओकता बी येत नाई."

"घोड्याले ओकता येत नाई?"

"नाई येत. एकदा गेलं की गेलं."

"बरं बरं," हे म्हणाले. "जनावरं वागवले हायेत म्या, रागिणे. तू बिनघोर जा."

ती बिनघोर गेली. आणि हे बोलल्याप्रमाणे वागले, हेही मला सांगायला हवं. गवत, कडबा, मोजून चंदी. ढेपेच्या पोत्याकडे बघितलंसुद्धा नाही. मधेच रागिणीचा फोन येई, दोघं घोडीवर बोलत आणि घोडीवरून कापसाच्या भावावर, पावसावर, तिच्या जेवणावर जात. माझी खांबाची नोकरी सुटली.

मग पोळा आला.

आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. मी भांडी घासून बाहेर आले तर गोठ्यात दिवा. हे पळसाच्या पानानं कपाशीच्या खांद्याला तूप लावत होते आणि हळू आवाजात म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अहो, हिनं कधी जू ओढलं?" मी विचारलं.

"जू नाई ओढलं," हे न वळता म्हणाले, "पण माह्या लेकीचं घर त ओढून राहिली ना?"

मी एवढंच विचारलं, "उद्या तोरणाखाली नेणार का? रागिणीला सांगितलं?"

"फोटोच पाठवतो उद्या. पाहून खुश होईन."

सकाळी यांनी कपाशीला न्हाऊ घातलं. पेटीतून जुनी झूल काढली, ती तिला आखूड झाली तरी बांधली. गळ्यात घुंगरमाळ, कपाळाला बेगड. स्वतः धुवट सदरा घातला. तोरणाखाली कुणीतरी कुरकुरलंच, पोळा बैलाचा असते की घोड्याचा म्हणून. सहदेव मोठ्यानं म्हणाला, "राहू द्या ना गा उभी. तसंही अर्ध्या तोरणाखाली कोणीच नाई." लोक हसले आणि सरकून जागा झाली. कितीतरी वर्षांनी हे पोळ्यात उभे होते. मी बायकांमध्ये उभी राहून यांनाच बघत होते.

पोळा फुटला, म्हणजे तोरण तुटलं, की जनावर घरोघर न्यायचं. प्रत्येक दारात पाय धुतात, कुंकू लावतात, ताटातलं खाऊ घालतात. पुरणपोळी, घुगऱ्या, ज्वारीची भाकर, गूळ. दारातलं जनावर न खाता परत गेलं तर त्या घराला ते लागतं. कुणी बोलत नाही, पण वर्षभर मनात धरतात. बैलाचं काय, तो सगळ्यांचं खातो आणि रात्रभर बसून रवंथ करत जिरवतो. आमच्याकडे हे असंच चालत आलेलं आहे.

सहदेवच्या दारात त्याची बायको पार्बताबाई परात घेऊनच उभी होती. "पयल्यांदा घोडी आली आमच्या दारात," म्हणाली आणि पोळ्यांवर पोळ्या समोर धरल्या. कपाशीनं त्या आनंदानं खाल्ल्या. तिला गोड आवडलं हो, तिचा काय दोष?

"अहो, पुरे," मी यांच्या कानाशी म्हणाले. "रागिणी काय सांगून गेली होती?"

"सणाच्या दिवशी कोणाच्या ताटाले नाई म्हणू काय? रोज थोडंच हाय. एका दिवसानं काय होते?"

मी घरच्या नैवेद्यासाठी परत फिरले. पुढची दारं यांनी एकट्यानं केली. सहदेव बरोबर होता; पुढचं त्यानं नंतर सांगितलं. सुरुवातीला हे प्रत्येक दारात म्हणत होते, "थोडंसंच द्या, हिचं पोट लहान असते." पण मग लोक विचारू लागले, कोणाची घोडी? आणि हे सांगू लागले. "माह्या रागिणीची हाय. अमरावतीले पोरायले शिकवते ती. डॉक्टर-वकिलायची पोरं येतात तिच्याकडं." दारोदार हेच. ज्या लेकीचं नाव दोन वर्षं चारचौघांत काढलं नव्हतं, ते नाव त्या दिवशी यांनी गल्लीमागून गल्ली उच्चारलं. आणि ज्या दारात तिचं कौतुक झालं, त्या दारातलं ताट मागे कसं फिरवायचं? शेवटी शेवटी तर हे स्वतःच्या हातानं भरवत होते.

संध्याकाळी कपाशी गोठ्यात आली आणि पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. मान वळवून सारखी स्वतःच्या कुशीकडे बघायची. मग बसली.

"बसली पाय," हे समाधानानं म्हणाले. "पोटभर जेवलं की जनावर बसतेच."

ती उठली. पुन्हा बसली. मग आडवी होऊन लोळली, पाय झाडले, पुन्हा उठली. मानेवर घाम दिसायला लागला. आता यांचा चेहरा उतरला. बैल फुगला की हे बांबूच्या नळीनं तेल पाजत. तीच नळी शोधून आणली. मी म्हणाले, "आधी रागिणीला फोन करा."

"थांब जरा. उतरन आत्ता."

"अहो, करा फोन!"

"तिले कावून घाबरवतं? थोडी चालवतो, तेल पाजतो. उतरन ना."

यांची नजर माझ्यावर नव्हती, ओट्यावरच्या फोनवर होती. मला तेव्हाच कळलं, यांना घोडीपेक्षा त्या फोनची भीती वाटते आहे. आताच कुठे लेक बोलायला लागली होती. 'बिनघोर जा' म्हणून सांगितलेला बाप कोणत्या तोंडानं बोलणार? बैलाच्या बाबतीत एका शब्दात निकाल देणारा हा माणूस त्या वेळी कपाशीच्या मागे-पुढे नुसता फिरत राहिला, उतरन, उतरन म्हणत. दिवेलागण होऊन गेली, गल्लीतली जेवणं झाली. शेवटी मीच फोन लावला.

रागिणीनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. "तोंडावाटे काही पाजू नका, छातीत जाईन. तिले उठवा अन् लोळू देऊ नका. मी डॉक्टरले पाठवते. मी येऊन राहिली."

परतवाड्याहून जनावरांच्या डॉक्टर आल्या, नीलम मॅडम. त्यांनी नाकातून नळी थेट पोटात घातली आणि आतलं काढायला सुरुवात केली. काम करता करताच विचारलं, "कधीपासून आहे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "लगेच कळवायला हवं होतं. यात उशीर नडतो." त्यांनी ते रागानं म्हटलं नाही, मान वर करून कुणाकडे बघितलंही नाही. हे भिंतीला टेकून मुरमावर बसले होते.

रात्रीतून रागिणीही येऊन पोचली. सकाळी कपाशीनं लीद टाकली आणि मॅडमनी धोका टळला म्हणून सांगितलं. लीद बघायला पार्बताबाई धावत आली आणि तिनं हात जोडले. हे उठून रागिणीजवळ गेले, पण ती कपाशीच्या गळ्याला मिठी मारून उभी होती, म्हणून परत फिरले.

खरा घाव पुढे बसायचा होता. पोट सुटलं, पण दोन दिवसांनी कपाशी पुढचे पाय टेकेना. सगळा भार मागच्या पायांवर टाकून, पुढचे पाय लांब करून उभी राहायची. मॅडमनी खुराला हात लावला आणि मान हलवली. घोड्यानं एकाएकी फार धान्य आणि गूळ खाल्ला, की त्याचं विष पायांत उतरतं, म्हणाल्या. खुराच्या आत सूज येते, आणि आतलं हाड खुरापासून सुटायला लागतं. पोटातून पायात, हे बैलातलं सगळं कळणाऱ्या यांना ठाऊक नव्हतं. परतवाड्याहून बर्फाच्या लाद्या आणल्या. घमेल्यांत बर्फाचं पाणी भरून कपाशीचे पाय त्यात ठेवायचे, हे काम यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

एक दिवस यांनी मॅडमना विचारलंच, "बाई, बसता येईन ना पुढं हिच्यावर?"

"नाही काका."

"लहान लेकरू बी नाई?"

"नाही. जगेल. नीट ठेवली तर बरीच वर्षं जगेल. पण पाठीवर ओझं नाही."

रागिणी तिथेच होती. तिनं मान हलवली, जणू तिला हे आधीच माहीत होतं. मॅडम गेल्यावर हे तिच्यासमोर उभे राहिले.

"रागिणे, बोल मले. शिव्या दे. काही त बोल."

"काय बोलू बाबा? तुमी मुद्दाम थोडंच केलं."

ती हे खरंच मनापासून म्हणाली. हे खाली बसून घमेल्यात बर्फ घालू लागले.

क्लास मोडला नाही, पण लहान मुलं गेली. तापट घोड्यावर आईबाप लहान मुलांना कसे बसवतील? थोडी मोठी मुलं राहिली. रागिणीनं दाताखाली ओठ धरून ते वर्ष काढलं. कपाशीला टेम्पोत घालणं शक्यच नव्हतं, म्हणून ती आमच्याकडेच राहिली आणि मग राहूनच गेली. यांनी तिच्यासाठी गोठ्यात वाळू टाकली. गवत तोलून घालायचं, गोड काही दारातही येऊ द्यायचं नाही. आयुष्यात कुणाला जनावराबद्दल एक प्रश्न न विचारलेला हा माणूस आता रोज फोनवर विचारू लागला. वाळू किती जाड ठेवू? ऊन चालते का? आज डावा पाय उचलून राहिली, ठीक हाय का? रागिणी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायची, सविस्तर, न कंटाळता. उत्तर संपलं की "ठेवते बाबा" म्हणायची. कापसाच्या भावावर आणि पावसावर बोलणं पुन्हा कधी गेलं नाही. गावातलं कुणी अंगणात येऊन काही विचारलं की हे म्हणत, "मले नाई माहीत. रागिणीले विचारून सांगतो."

यंदा उन्हाळ्यात तिनं नवी घोडी घेतली. तांबडी, शांत, अजून वयानं लहान. फोटो आला तेव्हा हे चष्मा लावून कितीतरी वेळ बघत बसले. "खांदा चांगला हाय," म्हणाले. मग रागिणीकडूनच कळलं, की तिला शिकवण्याची कुठलीशी परीक्षा द्यायला पुण्याला जायचं आहे, बरेच दिवस राहावं लागेल.

यांनी मला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सहदेवला हाताशी घेऊन गोठ्याचे बांबूनं दोन भाग केले. कपाशीच्या शेजारच्या भागात नवा मुरूम, नवी वाळू. गव्हाण खरवडून घासली. ढेपेचं पोतं सहदेवच्या घरी पाठवून दिलं, उगाच घरात नको म्हणून. मग हे ओट्यावर फोन जवळ घेऊन बसू लागले. एक दिवस गेला, दोन गेले. पुण्याला जायचा दिवस जवळ आला तेव्हा यांनीच फोन लावला.

"रागिणे, गोठा तयार करून ठेवला. नव्या घोडीले कधी आणतं?"

 फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, तिची सोय झाली. वलगावात एकाकडं ठेवली."

"कोण हाय? जनावरातला हाय का?"

"नाई. त्यानं कधी जनावर पाळलं नाई." मग हळूच म्हणाली, "पण सांगतलं तेवढंच करते."

हे दोन-तीन वेळा मान हलवत राहिले, ती समोर असल्यासारखे.

"बरोबर केलं," हे म्हणाले. "तुह्या जागी मी असतो त मीबी नसती ठेवली इथं."

"बाबा, तसं नाई..."

"तसंच हाय व माय. बिघडलेलं जनावर ठेवाले हरकत नाई. चांगलं कोण ठेवन?" असं म्हणून यांनी फोन माझ्या हातात दिला आणि कपाशीला गवत टाकायला उठले.

मी फोन कानाला लावला. रागिणी रडत होती. "आई, बाबाले राग आला का?"

"नाही," मी म्हणाले. "राग नाही आला."

राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.